खेळण्यातली गाडी आणि खिडकीबाहेरचा मळा

मराठी प्रवासवर्णनाला आता दीर्घ परंपरा आहे आणि परंपरेबरोबर येणारे ठराविक साचेही आहेत. काशीचा घाट, कन्याकुमारीचा सूर्यास्त, काश्मीरचा शिकारा यांची वर्णने मासिकांच्या दिवाळी अंकांतून इतक्या वेळा आली आहेत की पहिले वाक्य वाचताच शेवटच्या वाक्याचा अंदाज बांधता येतो. या साच्यांपैकी एकाचा विचार येथे करावयाचा आहे. तो म्हणजे दार्जिलिंगच्या आगगाडीचा. प्रस्तुत लेखक नोकरीनिमित्त काही वर्षे बंगालात आहे. रजेच्या प्रवाससवलतीवर दार्जिलिंगला जाऊन आलेल्या मराठी मंडळींनी लिहिलेले लेख त्याच्या वाचनात वरचेवर येतात. येथे कोणा एका लेखकाची झडती घ्यावयाची नाही. दोष व्यक्तीचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. दोष पद्धतीचा आहे आणि पद्धतीचा दोष हा टीकेचा विषय होऊ शकतो.

हा साचा साधारणतः असा असतो. न्यू जलपाईगुडीला उतरल्यावर 'इवलीशी', 'गोंडस' किंवा 'खेळण्यातली' गाडी दिसते. लेखकाला आपले बालपण आठवते. सुकना सोडल्यावर चढण सुरू होते आणि 'नागमोडी' हा शब्द येतो. गाडी पुढे जाते, थांबते, मागे जाते, पुन्हा पुढे जाते. त्या 'झेड'च्या वळणांपाशी एक आख्यायिका सांगितली जाते. बांधकाम अडले तेव्हा साहेबाची पत्नी म्हणाली, पुढे जाता येत नसेल तर मागे का जात नाही? मग ढग खिडकीतून आत येतात. घूमला गरम चहा मिळतो. बतासियाच्या वळशावर कांचनगंगा दिसते किंवा दिसत नाही. दिसली तर लेखक नतमस्तक होतो, न दिसली तर नियतीवर दोन वाक्ये लिहितो. चहाचे मळे मध्ये कोठेतरी 'हिरवा गालिचा' होऊन पसरलेले असतात आणि त्या गालिच्यावर 'रंगीबेरंगी पोशाखातल्या' स्त्रिया 'हसतमुखाने' पाने खुडीत असतात. लेख संपतो.

यात खोटे असे काही नाही. गाडी लहान आहेच, ढगही येतात. परंतु साहित्यात प्रत्येक वेळी 'हे खरे आहे काय?' एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. 'एवढेच खरे आहे काय?' असेही विचारावे लागते. तो प्रश्न विचारला की 'खेळण्यातली गाडी' या उपमेपाशीच थांबावे लागते, कारण पुढचा सारा लेख त्या उपमेतून निघालेला असतो.

मराठी माणसाच्या मनात ही उपमा कोठून आली हे शोधणे अवघड नाही. नेरळहून माथेरानला जाणारी गाडी १९०७ साली सुरू झाली. तिचे रूळही दोन फुटी आणि तिची वाट जवळपास २१ किलोमीटरांची. पीरभॉय कुटुंबाने ती बांधली ती मुंबईच्या उन्हाळ्याला कंटाळलेल्या माणसांना थंड हवेत पोहोचविण्यासाठी. तिच्या मार्गावर मळे नाहीत, कारखाने नाहीत. डोंगरावर जाऊन विसावा घ्यावा, हाच तिचा जन्महेतू. पुढे १९५६ साली पुण्याच्या पेशवे पार्कात 'फुलराणी' धावू लागली आणि लहान रुळांवरची लहान गाडी म्हणजे मुलांची मौज, हे समीकरण पक्के झाले. हे संस्कार घेऊन आपला लेखक सुकन्याच्या पायथ्याशी उभा राहतो. त्याला समोरची गाडी माथेरानच्या गाडीची थोरली बहीण वाटते. येथेच त्याची दृष्टी चुकते, कारण या दोन गाड्यांचे रूळ सारख्या रुंदीचे असले तरी त्यांचे कुळ निराळे आहे.

दार्जिलिंगची गाडी १८७९ ते १८८१ या काळात बांधली गेली. फ्रँकलिन प्रेस्टेज हा तिचा प्रवर्तक. सिलिगुडीहून वर जाणारा हिल कार्ट रोड तेव्हा होताच आणि त्यावरून बैलगाड्या चालत. परंतु त्या वाहतुकीचा खर्च इतका होता की पायथ्याचे धान्य डोंगरावर पोहोचेपर्यंत फार महाग होई आणि वरचा चहा खाली उतरविणेही जड जाई. हे साधण्यासाठी रस्त्याच्याच कडेने रूळ टाकण्यात आले. वर तांदूळ, मीठ, कोळसा, खाली चहा. प्रवासी होते, साहेबांची बिऱ्हाडे आणि शाळेत जाणारी त्यांची मुलेही होती. परंतु गाडीचे पोट मालावर भरत होते. रूळ अरुंद आहेत ते कोणाला गोंडस दिसावे म्हणून नव्हेत. डोंगराच्या कडेला जागा कमी, वळणे तीव्र आणि खर्च आवाक्यात ठेवणे आवश्यक, म्हणून ते अरुंद आहेत. निलगिरीच्या गाडीला कल्लार ते कुन्नूर या चढावर दातेरी रुळांचा आधार आहे. दार्जिलिंगच्या गाडीला तोही नाही. ती केवळ चाक आणि रूळ यांच्या घर्षणावर सुमारे शंभर मीटर उंचीवरून घूमच्या २,२५८ मीटरांपर्यंत चढते. वाफेच्या इंजिनाच्या तोंडाशी दोन माणसे बसत आणि चाक घसरू नये म्हणून ओल्या रुळांवर हाताने वाळू टाकीत. मागे कोळसा फोडणारा एक निराळा माणूस असे. चालक आणि आग पेटती ठेवणारा हे तर होतेच. एवढ्याशा इंजिनावर पाच माणसे राबत, त्या यंत्राला खेळणे म्हणणे हे मुलाच्या तोंडी शोभेल. प्रौढ लेखकाच्या लेखणीतून ते आले की त्या पाच माणसांचे श्रम वाक्यातून नाहीसे होतात.

उपमा निरुपद्रवी असते असा आपला समज आहे. वस्तुतः उपमा हा लेखकाने घेतलेला निर्णय असतो. एखाद्या वस्तूला खेळणे म्हटले की तिच्याभोवतीचे सारे खेळ होते. रुळांना लागून घरे आहेत, दुकाने आहेत, दारात वाळत घातलेले कपडे आहेत, गाडी येताना बाजूला होणारी माणसे आहेत; ती सर्व त्या खेळातली लाकडी बाहुली होतात. मळ्यातली स्त्री 'हसतमुख' होते, कारण खेळातली बाहुली रडत नसते.

या गाडीची गती येथे ध्यानात घेतली पाहिजे. न्यू जलपाईगुडी ते दार्जिलिंग हे अंतर ८८ किलोमीटरांचे आहे आणि त्याला सात-आठ तास लागतात. रंगटंग, तिनधरिया, गयाबाडी, महानदी, कर्सियांग, तुंग, सोनादा, घूम ही स्थानके एकामागून एक येतात. तिनधरियाला रेल्वेची कार्यशाळा आहे. पागलाझोरा येथे डोंगर पुन्हा पुन्हा खचतो. २०१० सालच्या दरडीने तुटलेला मार्ग संपूर्ण जोडला जाण्यास २०१५ साल उजाडले. इतक्या सावकाश, इतक्या जवळून माणसांच्या दारांवरून नेणारे दुसरे वाहन क्वचितच असेल. प्रवासवर्णनकाराला याहून मोठी संधी कोणती मिळावयाची? परंतु आमचे लेखक या संथ गाडीत बसून मोटारीच्या वेगाने पाहतात. पुष्कळ जण तर दार्जिलिंग ते घूम एवढी दोन तासांची फेरी करतात आणि लेख मात्र सबंध मार्गाचा लिहितात.

ही दृष्टी केवळ मराठी नाही, हे मान्य केले पाहिजे. १८९६ साली मार्क ट्वेन दार्जिलिंगला गेला आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'फॉलोइंग द इक्वेटर' या ग्रंथात त्याने त्या प्रवासाचे वर्णन केले. त्यात सर्वांत रंगलेला भाग आहे तो उताराचा. उघड्या हातगाडीत बसून, केवळ ब्रेकच्या भरवशावर रुळांवरून घरंगळत खाली येण्याचा तो आनंद आजही वाचकाला हसवितो. ट्वेनची शैली जिवंत आहे आणि तो स्वतःचीही थट्टा करतो, म्हणून त्याचे लेखन टिकले. परंतु आनंदाचे केंद्र तोच आहे. डोंगर हा त्या आनंदासाठी उतरत गेलेला आहे. आमच्या लेखकांनी ट्वेनचा हा आत्मकेंद्रितपणा घेतला आणि विनोद तेवढा मागे ठेवला.

हिंदी चित्रपटाने हे चित्र देशभर नेले. १९६९ सालच्या 'आराधना'मध्ये नायक जीपमधून गात जातो आणि शेजारून धावणाऱ्या गाडीच्या खिडकीत नायिका पुस्तक वाचीत बसलेली असते. हे दृश्य माहीत नाही असा मनुष्य विरळा. नायिकेच्या खिडकीचे चित्रण मुंबईच्या स्टुडिओत झाले होते, ही गोष्टही आता सर्वश्रुत आहे. चित्रपटाला तसे करण्याचा अधिकार आहे. त्याची तक्रार नाही. परंतु टीकाकाराला ही घटना फार सूचक वाटते. जी खिडकी भारतातील लक्षावधी माणसांच्या मनात दार्जिलिंगची खिडकी म्हणून बसली आहे, तिच्याबाहेर दार्जिलिंग नव्हतेच. आमची पुष्कळशी प्रवासवर्णने अशाच खिडकीतून लिहिली गेली आहेत. लेखक प्रत्यक्ष गाडीत बसतो, पण खिडकीबाहेर पाहतो ते घरून आणलेले दृश्य.

याच शहरावर त्यापूर्वी सात वर्षे एक निराळी कलाकृती निर्माण झाली होती. सत्यजित राय यांचा 'कांचनजंघा' हा १९६२ सालचा चित्रपट. कलकत्त्याचे एक धनिक कुटुंब सुट्टीच्या अखेरच्या दिवशी दार्जिलिंगच्या रस्त्यांवर फिरते आहे. कुटुंबप्रमुख इंद्रनाथ हा इंग्रजी राजवटीचा उपासक. शिखर दिसण्याची सर्वांना प्रतीक्षा आहे आणि धुके हटत नाही. त्याच रस्त्यांवर एक नेपाळी मुलगा वावरतो आहे. शेवटी धुके विरते, शिखर लखलखते, आणि ज्याने त्याची वाट पाहिली त्या इंद्रनाथाचे तिकडे लक्षही जात नाही. राय यांनी प्रवाशांचेच चित्र काढले, मळ्यांत ते गेले नाहीत; तरीही हा चित्रपट प्रवासी वृत्तीवरचे मर्मभेदी भाष्य ठरतो, कारण कलावंत पाहणाऱ्यांकडे पाहतो. आपण काय पाहत नाही याची जाणीव त्या कृतीत आहे. प्रवासवर्णनकार मळ्यात मुक्कामास राहिला नाही, कामगारांची भाषा शिकला नाही, याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. आपल्या खिडकीची चौकट त्याला ठाऊक असावी एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे.

आता या प्रवासाची दुसरी बाजू पाहू. चहाच्या मळ्याकडे जाणाऱ्या गाडीत केवळ सुट्टीचे प्रवासी बसत नाहीत. मुल्कराज आनंद यांची 'टू लीव्ह्ज अँड अ बड' ही १९३७ सालची कादंबरी आसामच्या मळ्याकडे निघालेल्या गाडीतच सुरू होते. गंगू हा कर्जबाजारी पंजाबी शेतकरी सरदाराच्या भूलथापांना भुलून बायकामुलांसह निघाला आहे. त्याच्याही खिडकीबाहेर हिरवळ आहे आणि तोही तिच्याकडे आशेने पाहतो. फरक एवढाच की त्याच्यापाशी परतीचे तिकीट नाही. आनंद यांच्या कादंबरीत प्रचाराचा सूर पुष्कळ ठिकाणी चढतो आणि मळ्याच्या इंग्रज मालकांची पात्रे काहीशी ठोकळेबाज झाली आहेत, ही उणीव नाकारण्यात अर्थ नाही. तरीही तो आरंभीचा प्रवास वाचल्यावर 'हिरवा गालिचा' हा शब्द पूर्वीइतक्या सहजतेने लिहिता येत नाही.

आणि दार्जिलिंगला स्वतःचा आवाज आहे. इंद्रबहादुर राई यांची 'आज रमिता छ' ही नेपाळी कादंबरी १९६४ साली प्रसिद्ध झाली. 'रमिता' म्हणजे गंमत म्हणून पाहावयाचे दृश्य, आपण ज्याला तमाशा म्हणू ते. या कादंबरीत दार्जिलिंग हे राहण्याचे गाव आहे: तेथे दुकाने चालतात, संसार मोडतात, राजकारण शिजते, मळ्यांत संप होतात. राई यांना पुढे १९७६ साली समीक्षाग्रंथासाठी साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या कादंबरीच्या नावातला उपरोध आम्हां प्रवाशांना नेमका लागू पडतो. बाहेरून आलेल्यांना रमिता दिसते, ती ज्यांच्या जिवावर चालते त्यांचे जगणे दिसत नाही.

एक ठिकाण नावाने सांगतो. सोनादाच्या परिसरात 'मार्गारेट्स होप' नावाचा चहाचा मळा आहे. १९५५ सालच्या जूनमध्ये तेथील कामगारांनी वेतन, बोनस, बाळंतपणाची सवलत आणि कामगाराला मळ्यातून हाकलून देण्याच्या 'हट्टाबाहर' प्रथेची समाप्ती अशा मागण्यांसाठी आंदोलन केले. पोलिसांनी गोळीबार केला आणि कामगार मृत्युमुखी पडले. सोनादा हे आमच्या प्रवासवर्णनांत 'ढगांत हरवलेले छोटेसे स्टेशन' म्हणून येते. तेथे ढग असतात हे खरेच. परंतु ज्या पानावर ढगांना दोन परिच्छेद मिळतात, त्या पानावर या घटनेला अर्धे वाक्यही मिळू नये, हे प्रमाण कोणत्या सौंदर्यदृष्टीचे द्योतक आहे? डोक्यावरून नाम्लो घेऊन पाठीवर डोको वाहणारी स्त्री ज्या घरात राहते, त्याखालची जमीन बहुधा तिच्या नावावर नसते; पिढ्यान् पिढ्या राहूनही मळ्याची नोकरी सुटली की घर सुटण्याचे भय असते. ही माहिती मिळविण्यास संशोधकाची आवश्यकता नाही. सात तासांच्या प्रवासात शेजारी बसलेल्या माणसाशी हिंदीतून दोन गोष्टी बोलण्याची तयारी तेवढी हवी.

येथे एक आक्षेप येईल. ललित लेखकाने समाजशास्त्रज्ञाचे काम का करावे? थकलेला नोकरदार वर्षातून एकदा डोंगरावर जातो. त्याला जे सुंदर वाटले ते त्याने सुंदर शब्दांत लिहिले, तर त्यात अपराध कोणता? हा आक्षेप पोकळ नाही. सौंदर्याचा आनंद हा खराच असतो. प्रस्तुत लेखकही तशाच नोकरदारांपैकी एक आहे आणि धुक्यातून चढणाऱ्या गाडीची शीळ त्यालाही प्रिय आहे. शिवाय ज्या लेखनात दारिद्र्याची यादी सौंदर्याच्या जागी आणून ठेवलेली असते, तेही साच्यातलेच लेखन होय. परंतु लालित्य आणि अज्ञान यांचे काही नाते आहे असे मानण्याचे कारण नाही. विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने वरसईहून उत्तरेस निघाले आणि सत्तावनच्या वणव्यात सापडले. त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये दक्षिणेचे रुपये आहेत, वाटेतली भीती आहे, लुटालूट आहे, खाणेपिणे आहे, आणि ज्यांच्यामधून ते गेले त्या माणसांची दुःखे आहेत. गोडसे भटजी स्वतःच्या पोटाची काळजी कधी लपवीत नाहीत. तरीही, किंवा त्यामुळेच, त्यांना इतरांच्या पोटाची काळजी दिसते. हे पुस्तक छापून प्रसिद्ध झाले ते १९०७ साली, म्हणजे माथेरानची गाडी सुरू झाली त्याच वर्षी. आमच्या प्रवासवर्णनापुढे त्या वर्षी जणू दोन वाटा होत्या, आणि पुष्कळांनी माथेरानची धरली.

महाराष्ट्राबाहेर निघणाऱ्या मासिकात हा विषय मांडण्यास आणखी एक कारण आहे. आपण परप्रांतात राहतो. आपल्या गणेशोत्सवाला शेजारी कौतुकाने येतात, मोदक खातात, 'किती छान' म्हणतात. आणि आपण घरी काय बोलतो, मुलांची भाषा कशी टिकवितो, याची त्यांना वार्ता नसते. कौतुकाचा विषय होणे आणि ओळखले जाणे यांतील अंतर बृहन्महाराष्ट्रातील वाचकाला कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. भाषेच्या आधारे राज्य मागून १९६० साली ते मिळविलेल्या समाजाचे आपण घटक आहोत. दार्जिलिंगच्या पहाडी विभागात नेपाळीला १९६१ च्या राज्यभाषा कायद्याने स्थान मिळाले. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती १९९२ साली आली, आणि तिच्याबरोबर त्याच दुरुस्तीने आली आपली शेजारीण कोकणी. २०१७ साली शाळांत बंगाली सक्तीची होणार या शंकेतून आंदोलन पेटले, ते गोरखालँडच्या मागणीला जाऊन मिळाले, शंभराहून अधिक दिवस पहाड बंद राहिला. चहाचा दुसरा बहर बहुतांशी मळ्यांतच राहिला. सोनादा आणि गयाबाडी ही स्थानके जाळण्यात आली. त्या मागणीशी किंवा त्या मार्गाशी सहमत व्हावे असे येथे सुचवावयाचे नाही. जाळपोळीचे समर्थन तर नाहीच. परंतु त्यानंतरही या स्थानकांची वर्णने पूर्वीच्याच शब्दांत लिहिली जात असतील, तर आमच्या लेखकांनी ती स्थानके पाहिली असे कसे म्हणावे?

या गाडीला १९९९ साली युनेस्कोने जागतिक वारशाचे स्थान दिले, आणि दार्जिलिंगच्या चहाला २००४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. पहिल्याने रूळ सुरक्षित झाले, दुसऱ्याने नाव सुरक्षित झाले. रुळांवर वाळू टाकणारा आणि पाने खुडणारी यांची नोंद या दोन्ही सनदांत मुख्यत्वे येत नाही. ती घेण्याचे काम साहित्याचे आहे. त्यासाठी नवा वाङ्मयप्रकार नको, क्रांतीची भाषा नको. एका उपमेचा त्याग पुरेसा आहे. पुढच्या दिवाळी अंकासाठी दार्जिलिंगवर लिहावयास बसणाऱ्या लेखकाने 'खेळण्यातली' हा शब्द खोडून त्या जागी दुसरा कोणता लिहावा याचा विचार करून पाहावा. योग्य शब्द सापडेपर्यंत त्याला गाडीबद्दल, मळ्याबद्दल आणि शेजारच्या बाकावरील माणसाबद्दल पुष्कळ काही जाणून घ्यावे लागेल. तेवढे जाणून जो लेख होईल, तो वाचण्यास आम्ही उत्सुक आहोत.